ओडालिस फेरेर आणि कोऱ्या सह्या

बर्नडेट हालोरनने ओडालिसला पहिल्यांदा नीट पाहिलं ते इमारतीच्या कपडे धुण्याच्या खोलीत. फ्लोरिडातला ऑगस्ट, बाहेर डांबर पाघळत होतं. बर्नडेट चादरी घेऊन आत गेली, तर स्वागतकक्षात बसणारी मुलगी कपडे वाळवायच्या यंत्रावर मांडी घालून, डोळे मिटून काहीतरी पुटपुटत होती. नखं पिकल्या आंब्याच्या रंगाची, कानांत बांगडीएवढ्या रिंगा आणि मांडीवर एक जाडजूड पुस्तक.

"कसला जप चाललाय?" बर्नडेटने विचारलं.

"सभेच्या नोटिशीचा, मिस बर्नडेट," ती डोळे न उघडताच म्हणाली. "कुठे लावायची, कोणी लावायची, नाही लावली तर काय. मॅनेजरच्या परीक्षेला बसतेय."

"तू तर पार्सलं घेतेस."

"पार्सलं घेणाऱ्यांना बसता येतं. मी विचारून घेतलंय."

बर्नडेटची सगळी नोकरी पोस्टाच्या खिडकीत गेली होती. खिडकीतल्या माणसाशी लोक कसं बोलतात हे तिला पुरतं ठाऊक होतं, त्यामुळे आपलंच वाक्य तिच्या कानाला टोचलं. तिने चादरी यंत्रात टाकल्या, स्टूल ओढलं आणि म्हणाली, "आण ते पुस्तक. मी विचारते, तू सांग."

राज्याचं लायसन्स ओडालिसने आधीच काढलं होतं. त्याशिवाय तिकडे कुणालाही इमारतीची मॅनेजर होता येत नाही. ही परीक्षा त्याच्या वरची, साऱ्या देशात चालणाऱ्या प्रमाणपत्राची होती. कायदा, विमा, देखभाल, अंदाजपत्रक हे सगळं तीत येतं. शिवाय पास झालेल्याला आचारसंहितेवर सही करावी लागते: खोटं ते खरं म्हणून दाखवणार नाही, कायदा मोडणार नाही, सांगणारा संचालक मंडळाचा अध्यक्ष असला तरी. आणि एकदा मिळालं म्हणून भिंतीवर टांगून मोकळं होता येत नाही. दर दोन वर्षांनी नवे वर्ग करायचे, नाहीतर प्रमाणपत्र गेलं.

पहिल्या खेपेला विम्याच्या प्रश्नांनी तिला आडवं केलं. टॅम्पातल्या तिच्या आईने संत लाझारोपुढे मेणबत्ती लावली, बर्नडेटने पुन्हा स्टूल ओढलं आणि दुसऱ्या खेपेला ती पास झाली. आईने पेरूच्या गराच्या खुसखुशीत करंज्या पाठवल्या. सगळ्यांनी त्या उभ्याउभ्याच फस्त केल्या. इमारतीतल्या घरमालकांच्या मंडळाचा अध्यक्ष रॉलंड प्रुइट तोंडातला घास गिळून म्हणाला, "वा, ओडी! म्हणजे आता जिन्यातला दिवा प्रमाणपत्रासकट बदलणार तू!"

हशा पिकला. ओडालिसही हसली. बर्नडेटला मात्र ते हसू आवडलं नाही. ज्या परीक्षेत रॉलंडला पहिलं पान उलटता आलं नसतं, त्या परीक्षेची चेष्टा त्याने पोरीच्याच करंज्या खात करावी!

म्हातारे मॅनेजर निवृत्त झाले तेव्हा त्या जागेसाठी दुसऱ्या कुणी अर्जच केला नाही, म्हणून ती ओडालिसला मिळाली. ती काही गुणांची पुतळी नव्हती. तिच्या नोटिशी तुसड्या असत. "पोहण्याच्या तलावात कुत्रे नकोत. ज्यांना ही नोटीस दुसऱ्यांसाठी वाटते, ती त्यांच्यासाठीच आहे," असलं काहीतरी. फोनवर ती इतक्या मोठ्याने बोलायची की टॅम्पाच्या आईला फोनची गरजच पडू नये. पण पंप बिघडला तर रविवारीही यायची. आणि वर्गांची वेळ आली की स्वतःच्या रजेतून जायची, कारण मंडळाने त्यासाठी एक दिवससुद्धा सोडला नव्हता. "पुन्हा शाळा?" रॉलंड विचारायचा. "इतकी वर्षं गाड्या विकल्या मी, पण कधी शाळेत गेलो नाही."

रॉलंड वाईट माणूस होता असं हेरॉन कोव्ह या त्यांच्या इमारतीत कुणी म्हटलं नसतं. तो कुणालाही इस्पितळात पोचवायचा, वाढदिवस लक्षात ठेवायचा, चार जुलैला, स्वातंत्र्यदिनी, सगळ्यांसाठी मांस भाजायचा. म्हणूनच तर कोऱ्या सह्यांचा तो डबा वर्षानुवर्षं चालत आला होता.

हेरॉन कोव्हमधली निम्म्याहून जास्त माणसं हिवाळी पाखरं. ऑक्टोबरात मिशिगन, ओहायोहून उतरायची आणि ईस्टर झाला की परत उडायची. जाण्याआधी पोहण्याच्या तलावाकाठी निरोपाचं जेवण व्हायचं. ज्याने त्याने घरून एक पदार्थ आणायचा. टेबलाच्या टोकाला लिंबाच्या केकशेजारी बिस्किटांचा एक जुना निळा पत्र्याचा डबा असे. प्रत्येकाने त्यात एक कागद टाकायचा: तळाशी नाव, घराचा नंबर, सही. वर सगळा कोरा. उन्हाळ्यात कशावर मत घ्यायची वेळ आली तर वर काय लिहायचं ते रॉलंड बघेल. "डब्याला भेटलीस का?" बायका एकमेकींना विचारायच्या, जणू तो गावचा देव.

मॅनेजर झाल्यावरच्या पहिल्याच निरोपाच्या जेवणात ओडालिस उभी राहिली. म्हणाली, असं चालणार नाही. दुसऱ्याच्या हातून मत द्यायचं तर कोणती सभा, कोणता प्रश्न आणि आपलं मत हो की नाही, हे ज्याचं त्याने लिहायला हवं. ती रीतसर छापील कागद घेऊनच आली होती.

ओहायोच्या लोइस बेमिसने तिच्या गालावर हात फिरवला. "अगं राणी, आमचा एकमेकांवर विश्वास आहे."

"माझाही आहे, मिस लोइस. तरी कोरा कागद मी मोजणार नाही."

"बघू गं, बघू," रॉलंड म्हणाला. त्या दिवशी डबा नेहमीसारखाच भरला. छापील कागद वाऱ्याने उडून तलावात पडले आणि ते जाळीने बाहेर काढायचं कामही ओडालिसच्याच वाट्याला आलं.

जुलैत रॉलंडने एक ठराव आणला. मागच्या विंगची लिफ्ट जुनी झाली आहे. ती कायमची बंद करून त्या जागेत पाखरांचं सामान ठेवायला खोल्या काढाव्यात. मागची विंग गाड्यांच्या तळाकडे तोंड करून उभी. तिथे बारमाही राहणारे लोक होते, समुद्राकडची घरं परवडत नाहीत असे. चौथ्या मजल्यावर गुडघे गेलेली बर्नडेट आणि तिच्या शेजारी ऑक्सिजनचं नळकांडं ओढत चालणारा ऑसी टिलमन.

"पुढची लिफ्ट आहेच की," रॉलंड म्हणाला. "गॅलरीतून चालत या. व्यायाम होईल."

"मला व्यायाम झाला की शेजारी रुग्णवाहिका बोलावतात," ऑसी म्हणाला.

सभेला बारमाही राहणारे मूठभर लोक जमले. रॉलंडने डबा आणला, झाकण काढलं आणि कागदांचा गठ्ठा ओडालिससमोर ठेवला. प्रत्येक कागदावर, सहीच्या वर, एकाच अक्षरात, एकाच शाईने लिहिलेलं: लिफ्ट बंद करण्यास माझी संमती आहे.

"मोज," तो म्हणाला.

"नाही."

"सह्या खोट्या आहेत का?"

"सह्या खऱ्या आहेत. पण वरचं त्यांनी लिहिलेलं नाही, आणि हे तुम्हालाही माहीत आहे, मिस्टर प्रुइट. हे मोजून मी खाली सही केली, तर ते खोटं बोलणं झालं."

"तू इथे नोकरीला आहेस, पोरी."

"आहे ना. म्हणूनच नाही म्हणतेय. फुकट काम करत असते तर नुसती घरी गेले असते."

ऑसी नळीतून खुदकन हसला. मतं पुरली नाहीत आणि ठराव पडला. रॉलंडच्या कानाच्या पाळ्या लाल झाल्या होत्या. ज्याला आयुष्यात गाडीच्या किमतीवरूनसुद्धा कुणी 'नाही' म्हटलं नव्हतं, त्याला पार्सलं घेणारी पोर सगळ्यांसमोर नाही म्हणाली होती.

आठवडाभरात प्रमाणपत्र देणाऱ्या संस्थेचं पत्र आलं. ओडालिस फेरेरविरुद्ध तक्रार: मालकांची मतं दडपली, एका गटाची बाजू घेतली, अरेरावीने वागली. रॉलंडच्या तक्रारीला उत्तरेतल्या तेवीस मालकांच्या सहीची पत्रं जोडलेली होती. चौकशी होईपर्यंत निर्णय थांबला. तक्रार खरी ठरली तर प्रमाणपत्र जाणार, आणि अशा कारणाने ते गेलेल्या बाईला त्या किनाऱ्यावर कुणीही पुन्हा इमारतीच्या किल्ल्या देणार नव्हतं.

ओडालिस त्या दिवशी ऑफिसात बसून होती. नखांवरचा रंग खरवडून काढत होती. "तेवीस जण, मिस बर्नडेट. मिस लोइससुद्धा. तिच्या मांजराला मी तीन हिवाळे औषध दिलंय. ते बोचकारतं."

बर्नडेटच्या तळपायाची आग मस्तकात गेली. काय म्हणून? पंप दुरुस्त करताना चालली ती, पार्सलं दारापर्यंत पोचवताना चालली, मांजराला औषध पाजताना चालली. तिने फक्त एकदा खोटं मोजायला नकार दिला तर तेवीस माणसांनी लेखणी उचलली? निरोपाच्या वेळी जिला मिठ्या मारल्या तिच्यावर?

तिने फोन उचलण्याआधीच लोइसचा फोन आला.

"बर्नडेट, ती संस्था मला पत्र पाठवून विचारतेय, तक्रार तुम्हीच केलीत ना, खात्री करा. मी कसली तक्रार केली गं?"

बर्नडेटने विचारलं, "लोइस, एप्रिलात तू डब्यात किती कागद टाकलेस?"

"दोन. रॉलंड म्हणाला, एखादा जास्तीचा असू दे. सगळ्यांनीच दोन टाकले."

"मग त्या दुसऱ्यावर त्याने ओडालिसचं प्रमाणपत्र घालवायची मागणी लिहिलीय. खाली तुझी सही आहे."

"देवा रे," लोइस म्हणाली. मग हळूच: "पण बर्नडेट, रॉलंड आपला माणूस आहे. मी तिथे पडले तेव्हा त्यानेच मला इस्पितळात नेलं होतं. आता मी 'मी लिहिलं नाही' म्हटलं तर तो खोटा पडेल."

"आणि ओडालिस?"

"ती... ती ऑफिसमधली आहे ना."

"अस्सं! आपला माणूस खोटा पडू नये म्हणून ऑफिसमधलीच्या पोटावर पाय द्यायचा! लोइस, बँकेत कधी कोऱ्या कागदावर सही करतेस? केस कापणाऱ्या बाईला कोरा कागद देतेस? नाही ना? मग इथे का दिलास? दिलास तो दिलास, आता निदान त्याच्यावर काय लिहिलंय ते तरी तुझं नाही म्हण!"

"ओरडू नकोस. माझा रक्तदाब—"

"तुझा रक्तदाब चढू दे. माझा तर केव्हाच छताला लागलाय!"

तिने फोन आपटला आणि मग एकामागून एक सगळ्या पाखरांना फोन लावले. कुणी चक्क विसरलं होतं. कुणी म्हणालं, उगाच वाद नको, आपण शांत राहू. मिशिगनच्या एका निवृत्त न्यायाधीशाने घसा खाकरून सांगितलं, "तांत्रिकदृष्ट्या सही माझीच आहे." बर्नडेट त्याला म्हणाली, "तांत्रिकदृष्ट्या लाजही तुमचीच आहे." तो आयुष्यभर न्यायासनावर बसलेला, आणि त्याला एका मुलीच्या प्रमाणपत्रासाठी एक खरी ओळ लिहायला शेजारणीने ओरडावं लागलं.

शेवटी अकरा जणांनी लिहून दिलं: सही आमची, मजकूर आमचा नाही, आम्हाला तो माहीतही नव्हता. नऊ जणांनी उत्तरच दिलं नाही. दोघांनी तक्रार आपलीच असल्याचं सांगितलं. लोइसचं उत्तर सगळ्यात उशिरा गेलं, एका ओळीचं: मी असं काही लिहिलं नाही. अकराच्या त्या यादीत तिला धरून बारा झाले. संस्थेने तक्रार फेटाळली. ओडालिसचं प्रमाणपत्र तिच्याकडे राहिलं.

रॉलंडला काय झालं? काही नाही. ऑक्टोबरात पाखरं उतरली, त्याने मांस भाजलं, सगळ्यांनी खाल्लं. "गैरसमज होतात," असं लोक म्हणाले. डबा मात्र टेबलावर नव्हता, आणि तो कुठे गेला हे कुणी विचारलं नाही. ओडालिसची माफी कुणीच मागितली नाही. लोइसने टोपलीभर सफरचंदं पाठवली, चिठ्ठीशिवाय. आणि डिसेंबरात मंडळाने ओडालिसचा करार पुढे न वाढवायचं ठरवलं. कारण असं की इमारतीला "नवा चेहरा" हवा.

त्या सभेत बर्नडेट उभी राहिली. "जुन्या चेहऱ्यात काय खोट होती ते सांगा," ती म्हणाली. "कोणी तरी एक कारण सांगा. लिहून नको, तोंडाने सांगा, आणि सांगताना माझ्याकडे बघा." कुणी बघितलं नाही. रॉलंडने पुढचा विषय घेतला: तलावाच्या खुर्च्यांचा रंग.

ओडालिसने किल्ल्या टेबलावर ठेवल्या, प्रत्येकीला कोणती कुठली त्याची चिठ्ठी दोऱ्याने बांधून. निघताना बर्नडेटला म्हणाली, "मिस बर्नडेट, रडू नका. प्रमाणपत्र घेऊन चाललेय मी. ते त्यांचं नव्हतंच कधी."

ओडालिस आता पुलापलीकडच्या एका इमारतीची मॅनेजर आहे. तिथेही हिवाळी पाखरं येतात आणि तिथेही ती तुसड्या नोटिशी लावते. गेल्या महिन्यात तिने प्रमाणपत्राचं नूतनीकरण केलं. या खेपेला वर्गांसाठी मंडळाने तिला भरपगारी रजा दिली.