घरपोच नाटक

"थांबा जरा, होऊन राहिलं," असं म्हणून दीदी दोन्ही हात मांडीवर ठेवून मॉनिटरसमोर बसत. पडद्यावर एखादी निळी पट्टी मुंगीच्या चालीनं पुढे सरकत असे. ती भरेपर्यंत उठायचं नाही, चहा मागायचा नाही, आणि 'अजून किती?' असं तर कोणी विचारायचंच नाही. पट्टी भरली की त्या आमच्याकडे अशा पाहत, जणू त्यांनीच ती हातानं ढकलत नेली होती.

जबलपूरच्या चेरीतालमध्ये त्या आमच्या समोर राहत आणि नोकरीला आम्ही दोघं एकाच सरकारी कार्यालयात होतो. गल्लीतले मराठी काय, हिंदी काय, सगळे त्यांना दीदीच म्हणत. यजमान लवकर गेले होते, मुलगी लग्न होऊन हैदराबादला होती. ऑफिसात कॉम्प्युटर आले तेव्हा आम्ही बहुतेकांनी ते कव्हर घालून जपून ठेवले. दीदींनी मात्र रिछाईच्या एका कारखान्यानं काढून टाकलेला कॉम्प्युटर सायकलरिक्षात घालून घरी आणला आणि त्या दिवसापासून त्यांच्या घरात प्रयोग सुरू झाले.

उन्हाळ्यात तो तापून बंद पडे. दीदींनी त्याचं झाकणच काढून टाकलं आणि समोर टेबलफॅन लावला. स्वतः पंख्याच्या मागे घामाघूम बसत. मी एकदा म्हटलं, वारा थोडा स्वतःकडेही घ्या. तर म्हणाल्या, "मला काय होते? हा तापला म्हणजे काम बंद."

नवीन वस्तू घेऊन चार लोकांना दाखवणारी माणसं तुम्हीही पाहिली असतील. दीदी त्यांतल्या नव्हत्या. त्यांना वस्तूकडून काम करून घ्यायचं असे. गल्लीतल्या बारशाच्या, हळदीकुंकवाच्या जुन्या कॅसेटी त्यांनी कॉम्प्युटरमध्ये उतरवून घेतल्या. एका दिवाळीत कॅमेरा जुन्या साडीच्या पट्टीनं फळीला बांधून चकल्यांचा व्हिडिओ काढला आणि इंटरनेटवर टाकला. त्यात दीदींचे फक्त हात दिसत आणि मागे कुकरच्या शिट्या ऐकू येत. परदेशातल्या कुठल्याशा बाईनं खाली लिहिलं की, या वेळी माझ्या चकल्या मोडल्या नाहीत. दीदी आठवडाभर ऑफिसात तरंगत होत्या.

पण मला सांगायचं आहे ते नानाजींबद्दल. आमच्या मराठी मंडळाचं नाटक दर वर्षी नानाजीच बसवत. वय झालेलं, पण प्रत्येक पात्राचं वाक्य न् वाक्य तोंडपाठ. त्या वर्षी तालमी अर्ध्यावर आल्या आणि नानाजी अंगणात पडले. खुब्याचं हाड मोडलं. ऑपरेशन झालं, पण डॉक्टरांनी पलंगावरून हलायला मनाई केली. नाटक रद्द करा असं नानाजी म्हणाले नाहीत. त्यांच्या पत्नी, आमच्या काकू, सांगत की, दिवसभर भिंतीकडे तोंड करून पडतात आणि ताट तसंच परत जातं.

दीदी भेटायला गेल्या तेव्हा मीही सोबत होतो. त्या पलंगाशी खुर्ची ओढून बसल्या आणि सरळ म्हणाल्या, "नानाजी, तुम्हाला येता येत नाही ना? मग नाटकच तुमच्या घरी आणते."

नानाजींनी मान वळवली. बऱ्याच दिवसांनी वळवली, असं काकू नंतर म्हणाल्या.

आज हे ऐकून कोणी हसेल. तेव्हा मोबाइलवर कोणी तोंड पाहत नव्हतं आणि इंटरनेट मनात आलं तर चालायचं. नानाजींच्या घरी नातवंडांसाठी ते घेतलेलं होतं, म्हणून दीदींनी आपला कॉम्प्युटर उचलून त्यांच्या पलंगाशी नेला. नाटकाच्या हॉलच्या मागे एक झेरॉक्सचं दुकान होतं. तिथल्या भैयांना पटवून त्यांच्याकडून इंटरनेटची लांब वायर खिडकीतून थेट विंगेत आणली, आणि तिथे उसना आणलेला एक लॅपटॉप स्टुलावर ठेवला.

तालमीच्या दिवशी पहिला प्रयोग फसला. नायकाचं काम करणाऱ्या श्यामनं संवादासाठी तोंड उघडलं आणि चित्र तिथेच थिजलं. थोडा वेळ पाहून नानाजी म्हणाले, "हा केव्हाचा जांभई देऊन राहिला?" मंडळाचे सचिव कंटाळले. त्यांचं म्हणणं, सोडा हे, नंतर सीडी नेऊन दाखवू. दीदी म्हणाल्या की सीडी म्हणजे शिळं, आणि त्यांनी नानाजींना ताजं कबूल केलं आहे.

मग त्यांनी चित्र लहान करत करत पोस्टकार्डाएवढं केलं. चेहरे धुरकट झाले, पण आवाज खणखणीत येऊ लागला. सचिवांनी आणखी एक शंका काढली. नानाजींचा आवाज इकडे काहून पाहिजे? ऐन प्रसंगात त्यांचा खोकला ऐकू आला म्हणजे? त्यांच्याकडचा माइक बंद ठेवा. यावर मात्र दीदी चिडल्या.

"त्यांनी नुसतं पाहायचं काय? दिग्दर्शक आहेत ते."

माइक चालू राहिला.

प्रयोगाला हॉल भरला होता. मी विंगेत प्रॉम्प्टर होतो. माझ्या शेजारी स्टुलाजवळ दीदी, आणि लॅपटॉपमध्ये उशीला टेकलेले, दाढी केलेले नानाजी. पहिला अंक छान झाला. दुसऱ्या अंकात, आईसमोर मुलगा खरं कबूल करतो त्या प्रसंगात, श्यामनं मधली दोन पानं गाळून पुढचं वाक्य घेतलं, चुकलं हे त्याच्या लक्षात आलं, आणि तो गप्प झाला. मी पानं उलटतोय, मागे जातोय, पुढे जातोय, जागा सापडत नाही. श्याम आमच्याकडे पाहत उभा. प्रेक्षकांत चुळबूळ सुरू झाली.

दीदींनी लॅपटॉप उचलला, विंगेच्या कडेला नेला आणि आवाजाचं बटण पुरतं फिरवलं.

"आई, ती चावी मीच हरवली," लॅपटॉपमधून नानाजी म्हणाले. "बोल ना, श्याम."

श्याम बोलला. नुसता बोलला नाही, त्याच्या डोळ्यांत खरोखर पाणी आलं. पण पहिल्या रांगांनी नानाजींचा आवाज ओळखला होता. कोणीतरी म्हणालं, अरे, हे तर आपले नानाजी, आणि टाळ्या सुरू झाल्या. त्या मागच्या रांगांपर्यंत गेल्या. श्याम आणि त्याची नाटकातली आई टाळ्या थांबण्याची वाट पाहत उभे राहिले. दीदींनी लॅपटॉप प्रेक्षकांच्या दिशेनं धरला. टाळ्या थांबेपर्यंत त्यांनी तो खाली घेतला नाही.

पडदा पडल्यावर आम्ही सगळ्यांनी रंगवलेल्या तोंडांनी त्या पोस्टकार्डासमोर गर्दी केली. नानाजींनी एकेकाचं नाव घेऊन चुका सांगितल्या. हाताची घडी कोणी चुकीच्या जागी घातली, खुर्ची कुठे जास्त सरकली, सगळं. एवढ्या शिव्या खाऊन एवढं आनंदलेलं मंडळ मी पुन्हा पाहिलं नाही. शेवटी ते म्हणाले, "आणि बेटा, तुझं काम पैकीच्या पैकी." दीदींनी पदरानं लॅपटॉपचा पडदा पुसला. पुसायला हवे होते त्यांचे डोळे.

त्या संध्याकाळी नानाजी जेवले, दुसऱ्यांदा भाजी मागून. पुढच्या वर्षीच्या तालमीला वॉकर टेकत हॉलमध्ये आले आणि पहिलीच पंधरा मिनिटं प्रॉम्प्टरनं पान कसं धरावं यावर बोलले.

काही वर्षांनी दीदी निवृत्त झाल्या आणि मुलीनं त्यांना हैदराबादला नेलं. मदन महल स्टेशनवर आम्ही झाडून सगळे गेलो होतो. गाडी हलली तसा दीदींनी नवा मोबाइल खिडकीच्या गजांतून बाहेर काढला आणि आमचा व्हिडिओ घेऊ लागल्या. आम्ही फोटोला राहावं तसे ताठ उभे राहून हात हलवत होतो.

त्यानंतर त्यांचं जबलपूरला येणं झालं नाही. आता त्या नाहीत. तो व्हिडिओ त्यांनी लगेच पाठवला होता. मोबाइल वाकडा धरल्यामुळे त्यात आमच्यापैकी एकाचाही चेहरा नाही. नुसती पोटं, पिशव्या आणि मागे सरकणारा प्लॅटफॉर्म. पण आवाज स्वच्छ आहे. डब्यातल्या कुणा बाईनं विचारलं असावं, कारण दीदी हसत हसत सांगतात, "ये? ये सब हमारे घर के लोग हैं."