बॅग खलास!

कासमला माणसांची भारी हौस आणि नशिबात आल्या बॅगा. दापोलीकडून १९९६ साली तो दोह्याला आला, तेव्हा तिथला जुना विमानतळ म्हणजे अख्ख्या कतारचा उंबरठा. विमानातून उतरायचं, बसमध्ये चढायचं, आत शिरलं की ट्रॉली पुढे करून कासम उभाच: "अहलन, वेलकम, या या या!" माणसाने तोंड उघडलं की हा त्याचा मुलूख ओळखायचा.

२०१४ साली चकचकीत नवा विमानतळ सुरू झाला. जुन्याच्या दाराला कुलूप लागलं आणि कासमची रवानगी झाली नव्याच्या तळघरात, पट्ट्यावर बॅगा चढवायला. "आता बॅगेला काय इचारू, तुजा गाव कंचा?" तो बायकोला म्हणायचा. तय्यबाने हे आठ वर्षं ऐकलं.

मग फुटबॉलचा वर्ल्डकप आला. एवढी गर्दी उतरवायची कुठे? २०२२च्या सप्टेंबरात जुना विमानतळ पुन्हा उघडला आणि मदतीच्या टेबलावर माणूस हवा होता. सुपरवायझर कमाल मूळचा इजिप्तचा, त्याच्या तोंडात 'प' टिकत नाही. म्हणाला, "वन डे ट्रायल, कासम. बॅसेंजर हॅबी, यू स्टे. बॅसेंजर क्राय, यल्ला, बॅक टू बॅग!"

तय्यबाने शर्टावर दोनदा इस्त्री फिरवली.

दुपारपर्यंत सगळं झकास चाललं. मग दुबईवरून आलेल्या एक बाई टेबलावर आदळल्या. "भैया, कितना वेळ झाला, मेरा बॅग आयाच नही!"

कासमचे कान टवकारले. "बाई, मराठीत बोला. देशावरच्या ना?"

"अगंबाई! नाशिकची मी, शशिकला. मुलगा बाहेर थांबलाय हो!"

बॅग तपासणीत अडकली होती. डब्यातली भाजणी मशीनला संशयास्पद वाटली होती. कासम धावला. अरबी संपली तिथे हातवारे केले, थालीपीठ हवेत थापून दाखवलं, शिक्का मिळवला आणि तिथूनच हर्षाने ओरडला, "बाई, तुमची बॅग खलास!"

सव्वीस वर्षं गल्फात काढलेल्या माणसाचं 'खलास' म्हणजे काम फत्ते. नाशिकचं 'खलास' म्हणजे मेलं, संपलं, विषय मिटला. शशिकलाबाईंनी भोकाड पसरलं.

"अहो, सुनेच्या डोहाळजेवणाची हिरवी साडी होती हो तीत!"

नेमका कमाल तिथेच उभा. "कासम! बॅसेंजर क्राय!"

कासम बॅग घेऊन पळत आला. "बाई, ही काय तुमची बॅग! धडधाकट हाय! खलास म्हंजे... सुटली! आमचा अरबी खलास!"

बाईंनी चेन उघडली, साडी चाचपली आणि डोळे पुसता पुसता अशा हसल्या की रांगही हसू लागली. दुसऱ्या डब्यातला एक लाडू कासमच्या हातात, एक कमालच्या. "घ्या साहेब. माणूस चांगलाय तुमचा, शब्द तेवढा भयंकर आहे."

कासमने कमालला सगळं समजावलं. कमालने लाडू संपवला, हात झटकले, गंभीर चेहऱ्याने म्हणाला, "ओके कासम. खलास."

कासमने हळूच विचारलं, "सर... अरबी खलास, का मराठी?"

कमालने खिशातून टेबलाचा बिल्ला काढून त्याच्या कडक शर्टाला लावला. "अरबी, हबीबी! टुमॉरो, सिक्स शार्ब!"