वामनरावाचा वायसर

वामनराव माझा शेजारी. आमच्यामध्ये कुडाची एक भिंत आहे आणि तिच्यावरून आम्ही लग्नं व्हायच्या आधीपासून भांडतो आहोत. तेव्हा मी सांगतो त्यात मीठ जरा जास्त पडेल. चव तुम्हीच पाहून घ्या.

नागपूर जिल्ह्यात, कुहीकडच्या आमच्या गावाला प्यायच्या पाण्याची जागा एकच होती, वामनरावाच्या वाडीतली पायऱ्यांची विहीर. बाया खाली उतरायच्या, घोट्याइतके पाय पाण्यात बुडवून घागरी भरायच्या आणि वर येताना मालकाचा उपदेश ऐकायच्या. बौद्ध वस्तीतल्या बायांना पायरीवर पाऊल टाकायची मुभा नव्हती. कुणी वरून ओतेल तोवर त्यांनी उन्हात उभं राहायचं. मी त्याला मागून ‘जलमंत्री’ म्हणायचो. ते त्याच्या कानावर गेलं तर गडी मिशीला तूप लावून फिरू लागला!

शहात्तर साली सरकारने शाळेपाशी हापशी बसवली आणि मंत्र्याचं खातं गेलं.

काही दिवस तो ओट्यावर तोंड पाडून बसला. मग कुठूनसं कळलं, की हापशीच्या पोटात चामड्याचा वायसर असतो. झालं! चावडीसमोर उभा राहून ओरडला, “ढोराच्या कातड्यातून येते गा ते पानी! धर्म बुडवता काय?”

मी म्हटलं, “वामनराव, तुमच्या वावरातली मोट कशाची होती? मखमलीची?”

“वावराले चालते. पोटाले नाई.”

एवढ्यावर अर्धं गाव पुन्हा विहिरीवर गेलं. वस्तीतल्या बाया मात्र मजेत हापशी हापसत राहिल्या.

पुढच्या उन्हाळ्यात वामनरावाच्या बायकोच्या, सुभद्रावहिनीच्या, पायातून नारू निघाला. सुतासारखा पांढरा किडा. तो काडीला गुंडाळून रोज थोडा थोडा ओढायचा. तुटला तर पाय सुजून जातो. कुहीच्या डॉक्टरने सांगितलं, हा त्या विहिरीच्या पाण्यातूनच आला. तिथे पाय घालू नका, तिथलं पाणी पिऊ नका, नाहीतर पुढच्या साली दुसरा निघेल. हापशीचं प्या.

“डॉक्टर बाटलेला हाय,” वामनराव म्हणाला.

सुभद्रावहिनीचा आवाज मी भिंतीपलीकडून तोवर कधी ऐकला नव्हता. त्या दिवशी ऐकला. “तुमच्या विहिरीचं पानी मी तोंडात घेनार नाई. मले लंगडी होऊन मराचं नाई.”

आणि नेमकी त्याच सकाळी हापशी बंद पडलेली. दांडा मारला की नुसती खडखड. वायसर फाटला होता. वामनराव आनंदाने गावभर फिरला, “पाहा, देवालेच नाई पटलं!” घरी मात्र बायको घोटभर दुधावर होती. ओठ फुटले, डोळे खोल गेले. वामनरावाने रागावून पाहिलं, आईची शपथ घालून पाहिली. विहिरीच्या पाण्याचा तांब्या पुढे केला की ती तो उपडा करायची.

मी नागपूरला गेलो होतो. तिथल्या सदर बाजारातून नवा वायसर आणला आणि मुद्दाम त्याच्याच ओट्यावर ठेवला. “घ्या मंत्रीसाहेब, तुमचा धर्म.”

त्याने मला आई-बहिणीवरून शिव्या दिल्या. पण वायसर फेकला नाही. काडीने ढकलत ढकलत फडक्यात घेतला आणि वस्तीत गेला. तमाशा चुकवणारा मी नव्हे, मीही मागे.

वस्तीतला धोंडबा आपल्या दारात बसला होता. वामनरावाने फडकं त्याच्यापुढे टाकलं. “हे बसवून दे. चामड्याचं काम तुमचंच हाय.”

“आमचं?” धोंडबा हसलाही नाही. “ते काम आमी छप्पन साली नागपुरात सोडून आलो. उचला ते.”

“हापशी तुमी बी वापरता ना?”

“वापरतो. आता नाल्यात झिरा खोदून पिऊन राहिलो. पन तुमच्या हुकमानं चामडं नाई उचलनार. बोल्ट मी खोलतो. चामडं तुमी बसवा. सगळ्या गावासमोर. मंग पाहू कोन बाटते.”

वामनराव माझ्याकडे वळला. मी दोन्ही हात खिशात घातले. दुश्मनी म्हणजे दुश्मनी.

हापशीपाशी अर्धं गाव जमलं. धोंडबाने बोल्ट खोलले आणि बाजूला झाला. वामनराव चिडून, थुंकत, घाम पुसत खाली बसला. फाटका वायसर काढला, नवा हाताने दाबून बसवला. त्याच्या बोटांना चामड्याचं तेल लागलं आणि कुणाच्याही डोक्यावर आभाळ पडलं नाही. धोंडबाची बायको अंजनाबाई हिने वरून तांब्याभर पाणी ओतून दांडा धरला. खडखड, खडखड, मग भस्सकन धार!

वामनरावाने लगेच घागर पुढे सरकवली. “आधी माही. म्या दुरुस्त केली.”

अंजनाबाईने ती पायाने बाजूला केली. “लाइन तिकडून हाय.”

तेवढ्यात शाळेची भिंत धरत धरत, पायाला चिंधी बांधलेली सुभद्रावहिनी आली. कुणाला काही विचारलं नाही. सरळ धारेखाली ओंजळ धरली. अंजनाबाईने तिच्याकडे पाहिलं आणि दांडा हळू केला.

“सुभद्रे! चारचौघांत तिच्या हातचं? घरी चाल!” वामनराव गरजला.

ती पीत राहिली. पदराने तोंड पुसून म्हणाली, “मार वं अंजना, आणखी मार. माही तहान नाई गेली.”

वामनराव रिकामी घागर घेऊन रांगेच्या शेवटी जाऊन उभा राहिला. त्याच्या मागे मी होतो आणि माझ्याकडे भरपूर वेळ होता.