चिंचेनं उजळलेला सम्राट

चिंचेच्या कोळाचा वास आला की पेडगावातला तो देव्हारा आठवतो. माझं संशोधन रोमन साम्राज्याच्या उतरत्या काळातल्या नाण्यांवर. तसंच एक तांब्याचं नाणं तिथल्या एका म्हातारीकडे आहे, असं कळल्यावर मी गेलो. तिनं ते पूर्वजांच्या टाकांत मांडलं होतं आणि दर अमावास्येला ती ते चिंचेनं घासत होती. झिजलेली अक्षरं पाहून मी कळवळलो, "आजी, घासू नका! हे तुमचे पूर्वज नाहीत, रोमचा राजा आहे." ती म्हणाली, "असंल की. पन घरात बोलायला त्याच्याबिगर कोन हाय मला?" मी फोटो काढून निघालो. प्रबंध अपुराच राहिला. फोटो टेबलावर आहे. आज एकट्याचा चहा ओतताना त्याला विचारलं, "साखर जास्त झाली का?"