दोन टाक्यांचं मशीन

चूक भांडाराच्या कारकुनांचीच होती, आणि ती त्यांनी सुवाच्य अक्षरात केली होती. रुग्णालयाच्या धुलाईघरात नवं मशीन आलं. माहितीच्या कागदावर ‘अर्धस्वयंचलित’ लिहायचं, तर कोऱ्या करकरीत मशीनला अर्धं म्हणणं त्यांच्या जिवावर आलं. त्यांनी ऐटीत ‘स्वयंचलित’ लिहून टाकलं. कागद वर गेला. सगळं आपोआप होतंय तर दोन बायका कशाला, म्हणत साहेबांनी तिथे मावशींच्या जोडीला असलेल्या त्यांच्या धाकट्या जावेला घरी बसवलं. धुलाईघर वीस पायऱ्या खाली होतं. साहेबांनी एकही उतरून बघितली नाही.

मावशी तिथे बावीस वर्षं होत्या. डाग बघून चादर कुठल्या वॉर्डातली ते सांगायच्या. बातमी कळताच त्या तरातरा भांडारात आल्या आणि ओल्या हाताने कारकुनांचं मनगट धरून त्यांना मशीनपुढे उभं केलं.

“आपोआप चालतं म्हणता ना? बघा.”

मशीन गरगरलं आणि शिट्टी वाजवून थांबलं. चादरी पाण्यात, शेजारची पिळायची टाकी रिकामी.

“आता?” कारकुनांनी विचारलं.

“थांबा की. मारतील उडी.”

पाच मिनिटं झाली. एकाही चादरीला उडी मारावीशी वाटली नाही. शेवटी कारकुनांनी बाह्या सरसावल्या. एक टोक त्यांनी धरलं, एक मावशींनी. चौथ्या चादरीला कारकुनांच्या कमरेत उसण भरली.

“अशा रोज साठ,” मावशी म्हणाल्या. “दोघी होतो तोवर निभत होतं. आता एकटी ओढते.”

“मावशी, माझ्याकडून अर्धाच शब्द राहिला हो.”

“तुमचा शब्द राहिला, माझी जाऊ गेली.”

कारकुनांनी कमर धरून नवा कागद लिहिला आणि ‘अर्ध’खाली दोन रेघा ओढल्या. आठवड्याने साहेबांचं उत्तर आलं: मशीन अर्धं, तेव्हा दुसरी बाईही अर्धा दिवस, दुपारी दोनपर्यंत. कारकुनांच्या तळपायाची आग मस्तकात गेली. दोननंतर चादरी हलक्या होतात की काय? पण हे साहेबांना सांगायला त्यांची जीभ रेटेना. ते वीस पायऱ्या उतरले. दोघी जावा चादर धरून उभ्या होत्या.

“मावशी, आता तरी राग गेला ना?”

“अर्धा गेलाय, उरलेला न्यायला दोननंतर या, चादरी उचलायच्यात.”