पाचवी तार

ठाण्याच्या कचेरीत माझ्या शेजारच्या मेजावर बसणाऱ्या नक्कलनविसांइतका चोखंदळ माणूस अख्ख्या जिल्ह्यात नव्हता, आणि तो सगळा चोखंदळपणा त्यांनी एका तारेवर खर्च केला. घरचं मिठागर होतं, भातशेती होती, पण जीव अडकलेला त्यांच्या देवळात. चर्चला ते देऊळच म्हणत. तिथे माणसाहून उंच, उभ्याने वाजवायचं एक फिडल होतं. त्याला ते बास म्हणत. इतरांच्या बासाला चार तारा, यांच्या बासाला पाच. वडील ते वाजवत. ते गेले त्या वर्षी पाचवी, म्हणजे सगळ्यांत खालच्या सुराची तार तुटली, ती पुन्हा लागलीच नाही. आता नव्या पाद्रीबाबांनी सांगितलं होतं, नाताळला बास पाचही तारांनी वाजला तर ठीक, नाहीतर मुंबईहून बाजाची पेटी येणार. वडिलांचा हात फिरलेलं वाद्य अडगळीत जाणार, म्हणून या गृहस्थांची झोप उडाली होती.

मुंबईच्या दुकानातून आणवलेली तार त्यांनी एकदाच छेडली आणि "ही डास हाकलायला बरी" म्हणून परत पाठवली. मग कोळ्यांच्या होडीचा दोर लावून पाहिला. तो वाजेना, पण घरभर सुक्या बोंबलाचा वास सुटला आणि त्यांच्या बायकोनं दोन दिवस अबोला धरला. शेवटी त्यांना कापूस पिंजणाऱ्याच्या धनुकलीची तात आठवली, बकऱ्याच्या आतड्याची. झालं, भर श्रावणात दर रविवारी मला घेऊन कल्याणच्या पिंजाऱ्याकडे! एकेक तात ते अंगठ्याने चाचपत, खिळ्याला बांधून छेडत आणि मला म्हणत, "भाऊ, खालची तार कानानं नाय कळत. पोटावर हात ठेवा." मी ब्राह्मणाचा मुलगा भर बाजारात पोटावर हात ठेवून उभा, आणि पिंजारी हळूच विचारी, "साहेबांना वैद्याकडे न्यायचं का?" कचेरीतही तात मेजाला बांधून छेडणं चालूच असे. शिरस्तेदारांनी डोळे वटारले, तर हे शांतपणे सांगत, "दप्तर बांधायची दोरी तपासतोय, साहेब."

दोन ताती पिळून केलेली बोटाएवढी तार अखेर पसंत पडली. चूक एवढीच, की ती जाडी पावसाळ्यातल्या ओलाव्याची होती. पिंजाऱ्याच्या पोराला कळलं असतं, पण आम्ही पडलो इंग्रजी शिकलेले. नाताळच्या सकाळी मी देवळाच्या दाराशी उभा होतो. आमच्या गृहस्थांनी गज ओढला, पहिला सूर निघाला आणि दाराची कडी थरथरली, पाद्रीबाबासुद्धा हसले. दुसऱ्याच भजनाला, थंडीने सुकून कडक झालेली ती तार फाटकन तुटली आणि वेदीवरच्या चार मेणबत्त्या घेऊन गेली. माझ्या तोंडून मोठ्याने "राम राम" निघालं, ते अख्ख्या देवळाने ऐकलं.

पेटी आली. बास त्यांच्या घरी भाताच्या कणग्यांशेजारी जाऊन उभा राहिला. गृहस्थ खाली मान घालून नकला करू लागले, मेजाला तात बांधणंही बंद झालं. मला ते बघवेना. माघात मी एकटाच कल्याणला गेलो आणि चांगली सुकी, जाड तात आणून त्यांच्या मेजावर ठेवली. त्यांनी ती उजेडात धरली, ताणली, बराच वेळ निरखली. डोळे पुसले.

"भाऊ, बारीक हाय," ते म्हणाले. "तुम्हाला निवडता येत नाय. रविवारी मी येतो."

आता ती वाजवणार कुठे, हे मी विचारलं नाही. रविवारी घरी श्राद्ध होतं, तरी मी हो म्हणालो.