रिबेका काकूंसाठी दहा माणसं

हे मी अजून कुणापाशी बोललेलो नाही. अल्लीपूरला घरी तर नाहीच — तिथे कुठून सुरुवात करणार? तुम्ही मला ओळखत नाही, म्हणून कदाचित लिहिता येईल.

आमच्या घरातून कॉलेजात गेलेला मी पहिला. वर्ध्यात राहायला जागा मिळाली ती सॅमसन काकांकडे. काका रेल्वेतले निवृत्त गार्ड. जातीने बेने इस्रायली — म्हणजे पिढ्यान्‌पिढ्या मराठी बोलणारे यहुदी. पूर्वी वर्धा-नागपूरकडे त्यांची बरीच घरं होती म्हणे. कोणी ठाण्याला गेलं, बाकीचे इस्रायलला. वर्ध्यात उरले काका. त्यांच्या बायको रिबेका काकू नुकत्याच वारल्या होत्या, मूल नव्हतं.

गाव सोडून गेलेल्यांचा एक ग्रुप होता मोबाइलवर. काकांना कमी दिसायचं, म्हणून तो मीच वाचून दाखवायचो. कोणी इस्रायलमधल्या अशदोदहून सांबारवडीचा, म्हणजे कोथिंबिरीच्या वडीचा, फोटो टाकायचं. काका म्हणायचे, "फोटो चाटू काय आता?" पण दिवसातून दहादा विचारायचे, कोणाचं काही आलं का.

त्यांच्यात मेलेल्या माणसासाठी एक प्रार्थना म्हणतात, कद्दीश. तिला दहा पुरुष लागतात. नऊ असले तर ती म्हणत नाहीत. रिबेका काकूंना पुरलं तेव्हा चारच होते. प्रार्थना झाली नाही. काकूंचा धाकटा भाऊ मोझेस अशदोदला होता. त्याने ग्रुपवर, सगळ्यांच्या देखत लिहिलं — तिला इकडे यायचं होतं, तू येऊ दिलं नाहीस, माझ्या बहिणीला दहा माणसं मिळाली नाहीत ती तुझ्यामुळे.

काकांनी मला त्याला ग्रुपमधून काढायला लावलं. बटण मी दाबलं. "तिचं नाव त्याच्या तोंडी नाई पाह्यजे मले," एवढंच म्हणाले.

काकूंना जाऊन वर्ष झालं त्या दिवशी सगळे व्हिडिओवर जमले. पडद्यावर दहा जमले तरी ते चालत नाही, असं ठाण्याचे दाऊद काका म्हणत होते, पण तेही टोपी घालून बसले होते. मोजले तर नऊ. काका माझ्याकडे वळले. मोबाइलवर हात ठेवून म्हणाले, "टोपी घाल. आजपासून तू डॅनियल. नागपूरच्या बेंजामिनचा नातू."

"काका, हे चालते काय?"

"मले दहा पाह्यजे, पोट्ट्या."

मी टोपी घातली. आमेन कुठे म्हणायचं ते काकांनी वहीत मराठी अक्षरांत लिहून दिलं. आजवर मी स्वतःला हेच सांगत आलो — खोटं काकांचं होतं, मी फक्त बसलो. ऐंशीच्या घरातल्या माणसाला नाही कसं म्हणायचं?

पण मी सांगायला बसलो ते हे नाही.

त्यानंतर सणावारीही ते असे जमायचे, आणि दर वेळी एकेकाचं नाव घेऊन मोजायचे. शेवटी डॅनियल. मग दाऊद काका म्हणायचे, झाले दहा. वर्गात माझं नाव अजून कुणाला पाठ नव्हतं. इथे सहा-सात म्हातारी माणसं समुद्रापलीकडे माझ्यासाठी थांबायची — मी बसल्याशिवाय सुरू व्हायचं नाही. हे मला आवडायचं. फार आवडायचं.

दुसऱ्या वर्षाच्या दिवसाला आठवडा असताना मला फोन आला. मोझेसचा. नंबर त्याने कुणाकडून तरी घेतला होता. आवाज चढा. "तू बेंजामिनचा नातू काय रे? त्याले तं पोरीच होत्या. कोणत्या पोरीचा तू?"

मी म्हणालो, "मोठीचा."

मग त्याचा आवाज उतरला. म्हणाला, "सॅमसनले सांग, मी भांडत नाई. आवाज बंद ठेवतो, पाह्यजे तं तोंडबी नाई दाखवत. फक्त मोजा मले. बहीण होती ते माही."

मी काकांना सांगितलंच नाही. दुसऱ्या दिवशी मीच मोझेसला फोन केला आणि म्हणालो, "काका म्हणतात, दहा आहेत आमच्याकडे. तुमची गरज नाही."

का? तो आला तर मला पकडेल, ही भीती होती. पण तेवढीच? तो आला असता तर दहा खरे झाले असते आणि मी अकरावा. त्या माणसाला मी कधी पाहिलं नव्हतं, तरी मला त्याचा राग होता — जागा त्याची होती म्हणून राग. आणि ते वाक्य बोलताना मला बरं वाटलं. हेही लिहायला हवं.

त्या वर्षी प्रार्थना संपल्यावर काका बराच वेळ मोबाइल हातात धरून बसले. "मोझेसनं एकडाव विचारलं असतं, तं मी नाई म्हटलं नसतं," ते म्हणाले. मी त्यांच्यासाठी चहा ठेवायला आत गेलो.

तेव्हा तरी सांगता आलं असतं ना? त्यानंतर काका जवळजवळ वर्षभर होते. रोज समोर होते.

काका उन्हाळ्यात गेले. महिन्याने ग्रुपने त्यांच्यासाठी दिवस ठरवला. दाऊद काकांनी मोझेसला परत आत घेतलं. मूल नाही, तर प्रार्थना मी म्हणतो, असं मोझेस स्वतःच म्हणाला. पडद्यावर पहिल्यांदा त्याचा चेहरा पाहिला. काकूंच्या फोटोसारखंच नाक.

सुरू करायच्या आधी त्याने मला विचारलं, "तू होता त्याच्याजवळ. शेवटी माह्याबद्दल काही बोलला काय सॅमसन?"

सगळे ऐकत होते.

मी म्हणालो, "नाही."

त्याने मान हलवली. मग एकेकाचं नाव घेऊन मोजलं. डॅनियल शेवटी आला. खरे नऊच होते. मोझेस म्हणाला, "झाले दहा," आणि म्हणायला लागला. मी वहीत पाहून, जिथे लिहिलं होतं तिथे, आमेन म्हणालो.